येथे उरलेले कापड परत मिळेल

आमच्या सासूबाईंचा शिंप्यांवर काडीचा भरवसा नव्हता. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा,’ असं त्या दिगंबरभाऊंच्या दुकानाच्या पायरीवर बसून, त्यांच्याच हातात ब्लाउजपीस देता देता, चांगलं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. दिगंबरभाऊ तोंडातल्या टाचण्या न काढता हसत. मग सासूबाई वरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणत, “लिहून ठेवलंय म्हणून देऊन राहिले, बरं का.”

ती पाटी अजून आहे. बुऱ्हाणपूरला शनवारा पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे आणि त्याला लागून दिगंबरभाऊंचं दुकान. वर ‘दिगंबर लेडीज टेलर’ आणि खाली लाल अक्षरांत ‘येथे उरलेले कापड परत मिळेल’. हा नियम त्यांच्या वडिलांनी घातला. ब्लाउज शिवून झाला की कापताना पडलेल्या सगळ्या चिंध्या, बोटाएवढ्यासुद्धा, एका तुकड्यात बांधायच्या आणि ती पुरचुंडी ब्लाउजच्या आत ठेवून गिऱ्हाइकाला द्यायची. म्हणजे शिंप्याने कापड मारलं असं कुणी म्हणायला नको.

आता गंमत अशी की ती पुरचुंडी कधी कुणी उघडली नाही. उघडणं म्हणजे दिगंबरभाऊंवर संशय घेणं, आणि ते बरं दिसत नाही. त्यामुळे शनवारा-इतवाऱ्यातल्या घराघरांत कपाटाच्या तळाशी अशा पुरचुंड्या पडून आहेत. माझ्याकडेच चाळीसेक असतील. तारखेच्या बाबतीत दिगंबरभाऊ पक्के खोटारडे. “उद्या नक्की, फक्त हूक बाकी आहेत,” असं ते म्हणाले की कापडाला अजून कात्रीही लागलेली नाही असं समजायचं. पण कापडाच्या बाबतीत हरिश्चंद्र. निदान आमचा सगळ्यांचा तसा समज होता.

भूमिका ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, त्यामुळे पोर दुकानातच वाढली. इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा ही मशीनखाली बसून चिंध्यांच्या पुरचुंड्या बांधायची. दिगंबरभाऊंची गाठ वेगळी असते, दोन वेढे आणि एक टोक आत खुपसलेलं. ती तिला पाटीपेन्सिल धरायच्या आधी यायला लागली. बारा वर्षांची झाल्यावर त्यांनी तिला तिची स्वतःची पायमशीन आणून दिली आणि डाव्या हाताच्या खिडकीखाली मांडली.

सतराव्या वर्षी तिने मालूबाईंचा ब्लाउज बिघडवला. मालूबाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त बाई. अर्ध्या शनवाऱ्याने त्यांचा मार खाल्लेला आहे. त्यांचा जांभळा ब्लाउज दिगंबरभाऊंनी कापून ठेवला आणि ते जेवायला गेले. भूमिकाने मोबाइलवर काय पाहिलं होतं कोण जाणे, तिने दोन्ही खांद्यांवर वाटीएवढे गोल कापले, कडेने पट्टी लावली आणि झकास शिवून टाकलं. मालूबाईंनी तो नीट न बघता घातला आणि हळदीकुंकवाला गेल्या. तिथे कुणीतरी म्हणालं, “बाई, तुमच्या खांद्यांना खिडक्या!”

मालूबाई रागाने लाल होऊन दुकानात आल्या. दिगंबरभाऊंनी कान धरले, माफी मागितली, नवीन ब्लाउज फुकट शिवून देतो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच हळदीकुंकवातल्या चार सुना खिडक्यांचा ब्लाउज मागायला हजर! दिगंबरभाऊ डोकं खाजवत माझ्याकडे बघत होते.

“वहिनी,” ते म्हणाले, “हिचा हात आपल्या दुकानात मावून नाही राहिला.”

मग ती इंदूरला फॅशनचा कोर्स करून आली. आली तशी स्वस्थ बसेना. खिडक्यांचे, झडपांचे, पंखांचे ब्लाउज शिवून त्यांचे व्हिडिओ टाकायची आणि मॉडेल म्हणून मला उभं करायची. पन्नाशीच्या बाईने दंडाला झालर लावून मान वेळावायची म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. पण त्यातलाच एक व्हिडिओ मुंबईच्या एका मोठ्या डिझायनर मॅडमनी पाहिला आणि बोलावणं आलं. सहा महिने कच्ची नोकरी. काम पसंत पडलं तर पक्की, आणि पक्की झाली की मॅडमच्या पुढच्या कलेक्शनमध्ये एक ड्रेस पूर्णपणे भूमिकाचा, तिच्या नावानिशी.

तो एक ड्रेस तिला हवा होता. बाकी पगार, मुंबई, समुद्र यांचं तिला काही नव्हतं. “काकू, बस एक ड्रेस. माझ्या दिमाग़मधून निघालेला. नंतर मग वापस बोलावलं तरी येते, सच्ची.”

दिगंबरभाऊ आठ दिवस बोलले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, “जाऊ द्या तिला. तिची जबाबदारी माझी.” शनवाऱ्यात बसून मुंबईतल्या मुलीची जबाबदारी घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पण बोलून गेले.

ती गेली. तिच्या मशीनवर दिगंबरभाऊंनी जुनी चादर टाकली. जागा अडते, सरकवा म्हटलं तर ऐकेनात. “सहा महिन्यांत वापस येईल. आली की लागेल ना तिला.” दर शनिवारी चादर काढून मशीनला तेल घालायचे आणि परत झाकून ठेवायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. मुलगी पक्की व्हावी असं एक मन म्हणत होतं आणि दुसरं मन मशीनला तेल घालत होतं.

तिकडे मुंबईत पहिले तीन महिने भूमिकाने फक्त इस्त्री केली. चौथ्या महिन्यात तिला अस्तर शिवायला मिळालं. तिथले कटिंग मास्टर भाईदास म्हणून आमच्या खानदेशातलेच निघाले. त्यांनी पहिल्याच दिवशी हिला जमिनीवरच्या चिंध्या गोळा करताना पाहिलं.

“काय करून राहिली, पोरी?”

“गिऱ्हाइकाच्या आहेत ना, वापस द्यायच्या.”

“इथे कोणी वापस देत नाही. पोत्यात भर आणि दे फेकून.”

तिने पोत्यात भरल्या. पण मला फोनवर सांगताना तिचा आवाज असा होता, जसं काही कुणाच्या घरातलं काही उचलून आणलंय.

सहावा महिना लागला. अक्षय्य तृतीयेचं एक लग्न होतं, मोठ्या घरचं. नवरीच्या लेहंग्याचं पूर्ण अस्तर भूमिकावर सोपवलं. मॅडमनी नवरीच्या आईला सांगितलं होतं की अस्तर खास इटलीहून मागवलंय. भूमिकाने तागा उलगडला, आणि काठावर निळ्या शाईचा शिक्का दिसला. बुऱ्हाणपूर. आपल्याच पॉवरलूमवरचं कापड! ज्यांच्या खटखटीत हिचं लहानपण गेलं त्यातल्याच एखाद्या लूमवरून उतरलेलं.

ही गोष्ट सांगताना ती फोनवर ओरडत होती. “काकू, मी एवढी खूश झाली ना! वाटलं की गावाकडून कुणी भेटायला आलं.” इटलीचं काय ते तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने जीव ओतून अस्तर शिवलं. आणि काम संपल्यावर, सहा महिने दाबून ठेवलेली सवय वर आली. तिने सगळ्या चिंध्या गोळा केल्या, मोजल्या, पुरचुंडी बांधली, दोन वेढे आणि एक टोक आत. शिक्क्याचा तुकडा सगळ्यात वर ठेवला, दिसायला छान म्हणून. आणि पुरचुंडी लेहंग्याच्या खोक्यात ठेवून दिली.

मला विचाराल तर यात तिची एकच चूक झाली. शनवाऱ्यात पुरचुंडी कुणी उघडत नाही, हे तिने मुंबईलाही लागू केलं. मुंबईत खोक्यात छोटी गाठोडी दिसली तर ती भेटवस्तू असते. नवरीच्या आईने ती सगळ्यात आधी उघडली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मॅडमच्या दुकानात हजर. आईने पुरचुंडी दोन बोटांत अशी धरली होती, जशी मेलेली पाल धरावी. नवरी मात्र आत गेली आणि लेहंगा घालून बघायला लागली. तिला भांडणात रस नव्हता.

मॅडमनी भूमिकाला मागे चहाच्या खोलीत नेलं. (हे सगळं भूमिकाने मला सांगितलेलं आहे. थोडं तिखटमीठ माझं असेल, पण भाजी तिचीच.) मॅडम रागावल्या नाहीत, तीच भीती वाटण्यासारखी गोष्ट होती.

“ऐक,” मॅडम म्हणाल्या. “बाहेर जाऊन एकच वाक्य बोलायचं. ही पोटली तुझी आहे, तुझ्या घरच्या शिवणाची, चुकून खोक्यात गेली. बस. एक तारखेपासून तू पक्की. आणि तुझा ड्रेस आपण कलेक्शनच्या सुरुवातीलाच ठेवू.”

सुरुवातीलाच! भूमिकाने मला स्पष्ट सांगितलं, लपवलं नाही. “काकू, झूट बोलायचं ठरवूनच मी बाहेर आली. वाक्य पाठ केलं होतं.”

बाहेर नवरीच्या आईने पुरचुंडी तिच्यापुढे धरली. “या चिंध्या आमच्या लेहंग्याच्या नाहीत ना?”

भूमिकाने पुरचुंडीकडे पाहिलं. त्या बाईंनी ती परत बांधली होती, पण गाठ चुकीची मारली होती, साधी, टोक बाहेर लोंबणारी. भूमिका म्हणते, मला ते बघवेना. तिने पुरचुंडी हातात घेतली, गाठ सोडली, वेढे देऊन नीट बांधली, टोक आत खुपसलं. आणि तोवर पाठ केलेलं वाक्य विसरून गेली.

“तुमच्याच आहेत,” ती म्हणाली. “बेचाळीस तुकडे आहेत. मोजून घ्या. एकही ठेवला नाही.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

“म्हणजे अस्तर इटलीचं नाही?”

“इटलीचं मला माहीत नाही, आँटी. हे आमच्या बुऱ्हाणपूरचं आहे. पण चांगलं आहे. घाम पितं, रंग सोडत नाही. आमच्याकडे पंचेचाळीस डिग्रीमध्ये नवऱ्या हेच घालून पाच पाच तास बसतात.”

तेवढ्यात आतून नवरीचा आवाज आला, “मम्मी, हे अजिबात टोचत नाहीये! साखरपुड्याच्या ड्रेसने मी किती खाजवत होते, आठवतंय?”

“तू गप्प बस,” आई म्हणाली. पण आवाजातला जोर निम्मा झाला होता.

लेहंगा त्यांनी ठेवून घेतला. मॅडमनी भूमिकाला ठेवून घेतलं नाही. संध्याकाळी बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं की तुझं टॅलेंट मोठं आहे, पण ते इथे बसत नाही. ड्रेस गेला, नोकरी गेली, सहा महिने गेले. ती बॅग घेऊन बाहेर पडली, फुटपाथवर उभी राहिली आणि मला फोन केला. सगळं सांगून झाल्यावर रडायला लागली. “काकू, एक वाक्य होतं. एकच. मी काय मूर्ख आहे का?”

मी म्हटलं, “आहेस.” आणि मग मलाही रडू आलं. तिच्या जागी मी असते तर ते वाक्य बोलून मोकळी झाले असते, पक्कं सांगते. दिवसभर गिऱ्हाइकाला सांगतेच की, हा रंग तुमच्या साडीला अगदी मॅच होतो म्हणून.

दिगंबरभाऊंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. जबाबदारी माझी होती ना. मी जाऊन बसले, घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. त्यांची मशीन थांबली. मला वाटलं, आता म्हणतील की बोलवा तिला परत, मशीन तयारच आहे.

“उघडली?” ते म्हणाले.

“काय?”

“पुरचुंडी. त्या बाईनं उघडून पाहिली?”

“हो.”

“मोजली?”

“ते नाही माहीत. पण भूमिका म्हणाली, मोजून घ्या. बेचाळीस.”

दिगंबरभाऊ उठले, चपला घातल्या आणि गेले. अर्ध्या तासाने दोन किलो मावा जिलबी घेऊन आले आणि शनवाऱ्यात वाटत सुटले. लोक विचारत, काय झालं, पोरगी पक्की झाली का? तर हे म्हणत, “नाही, काढून टाकली!” आणि जिलबी पुढे करत. अख्ख्या जन्मात मुलीची नोकरी गेली म्हणून जिलबी वाटणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. मला म्हणाले, “वहिनी, माझे वडील बांधता बांधता गेले, मी बांधून राहिलो, कोणी कधी गाठ सोडली नाही. आज सोडली. आणि हिशोब पूरा होता.” त्यांचे डोळे भरले होते आणि मिशीला पाक लागला होता.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण जिलबी मालूबाईंनीही खाल्ली. घरी गेल्यावर त्यांना वाटलं की मुंबईच्या बायका उघडतात तर आपण का नाही? त्यांनी कपाटाच्या तळाशी हात घातला आणि जांभळ्या ब्लाउजची पुरचुंडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानासमोर उभ्या, छडी नव्हती एवढंच.

“दिगंबर! माझ्या दोन खिडक्या कापल्या होत्या. पुरचुंडीत एकच गोल आहे. दुसरा कुठे? आणि हा पोपटी तुकडा कुणाचा? मी जन्मात पोपटी घातलेला नाही!”

पोपटी तुकडा माझा होता. मी बघताक्षणी ओळखला. मग मीही घरी जाऊन माझ्या पुरचुंड्या सोडल्या आणि माझ्यात निघाला गुलाबी काठ, जो इतवाऱ्यातल्या सोजरबाईंचा. दोन दिवसांत बातमी पसरली. बायका पिशव्या भरभरून चिंध्या आणायला लागल्या आणि माझ्या दुकानाच्या ओट्यावर चिंध्यांची अदलाबदल सुरू झाली. ‘हा मोरपंखी कुणाचा?’ ‘अगं, माझ्या मंगळागौरीचा!’ असं चार दिवस चाललं. एकही तुकडा चोरीला गेलेला नव्हता, हे खरं. पण वर्षानुवर्षं दिगंबरभाऊ ह्याचं त्याच्यात आणि त्याचं ह्याच्यात बांधत आले होते. सगळ्यांचे तुकडे सापडले, फक्त मालूबाईंची दुसरी खिडकी सापडली नाही. मालूबाई रोज येऊन पायरीवर बसू लागल्या.

दिगंबरभाऊंचं तोंड उतरलं. भूमिकाचा फोन आला तेव्हा म्हणाले, “बेटा, तू तिकडे खरं बोलली आणि इकडे मी पकडला गेलो.” ती एवढी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. नोकरी गेल्यानंतरचं ते तिचं पहिलं हसू.

मग तिने सांगितलं की त्या नवरीने भाईदास मास्टरांकडून तिचा नंबर काढला होता. मावशीचे दोन ब्लाउज शिवायचे आहेत, न टोचणारे. आणि त्यातला एक कसाही शिव म्हणालीय, तुझ्या मनाने. भूमिका एका मैत्रिणीच्या खोलीत राहत होती. “पण पप्पा, माझ्याकडे मशीन नाही. हाताने थोडंच शिवू? सांगा तुम्ही, वापस येऊ का?”

दिगंबरभाऊंनी खिडकीखालच्या चादरीकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत होते. मालूबाईसुद्धा पायरीवरून मागे वळून पाहत होत्या. एक ‘हो’ म्हणायचा अवकाश, आठवड्यात पोरगी घरी आली असती. आमच्या तिघांच्याही मनात तोच ‘हो’ होता, खोटं का बोलू?

“मशीन पाठवतो,” ते म्हणाले.

ट्रान्सपोर्टवाल्याने मशीन गोणपाटात गुंडाळली. पाठवायच्या आधी दिगंबरभाऊंनी मागच्या खोलीतून एक जुनी, फुगलेली पुरचुंडी आणली आणि मशीनच्या खणात ठेवली. मी विचारलं तर इकडेतिकडे बघत म्हणाले, “तिचीच आहे. लहानपणी तिचे सगळे फ्रॉक मीच शिवले ना. त्यातलं उरलेलं. द्यायचं राहून गेलं होतं.” टेम्पो गेला. खिडकीखाली फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग राहिले. त्यांनी झाडू घेऊन तिथे दोनदा झाडलं. डाग काही निघाले नाहीत आणि मला तिथे उभं राहवेना.

मशीन पोचली त्या दुपारी तिचा फोन आला. दिगंबरभाऊंचे हात कापडात होते म्हणून मी स्पीकर लावला. मालूबाई नेहमीप्रमाणे पायरीवर.

“पप्पा, पुरचुंडी उघडली मी.”

“मोजली?”

“मोजली. एकतीस.” थोडा वेळ ती नुसती नाक ओढत होती. “तो पिवळा ठिपक्यांचा पण आहे, शाळेच्या गॅदरिंगचा. आणि तो चेरीवाला. पप्पा, तुम्ही सगळे ठेवले.”

“ठेवले नाही. द्यायचे राहिले होते.”

“पण पप्पा, यातला एक माझा नाही. जांभळा गोल आहे, वाटीएवढा.”

मालूबाई ताडकन उठल्या. “माझी खिडकी!”

दिगंबरभाऊंनी कात्री खाली ठेवली. खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं आणि मग फोनवर वाकून म्हणाले, “वापस तर करावा लागेल, बेटा. पाटीवर लिहिलेलं आहे आपण.”

“हो पप्पा, उद्याच कुरियर करते.”

“कुरियरनं नको,” दिगंबरभाऊ म्हणाले. “स्वतः आणून दे.”